आरओजी ॲलायवर मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम: बझाइट बसवण्याची आणि चालवण्याची रीत

हातात धरून खेळायचे आजचे कन्सोल हे पूर्ण क्षमतेचे संगणकच आहेत. असूस कंपनीचा आरओजी ॲलाय हा त्यांपैकी एक असून तो भारतात जुलै २०२३ मध्ये ६९,९९० रुपये किमतीला विक्रीस आला. सात इंचांचा १९२० बाय १०८० पिक्सेलचा पडदा, आठ कोअरचा रायझेन झेड१ एक्स्ट्रीम प्रोसेसर, १६ जीबी मेमरी, ५१२ जीबीची एसएसडी आणि ४० वॅट-तासांची बॅटरी एवढी सामग्री त्यात आहे. त्यावर कंपनीकडून विंडोज ११ बसवलेले येते. विंडोज मुळात कीबोर्ड आणि माउस समोर ठेवून घडलेली व्यवस्था असल्यामुळे सात इंचांच्या पडद्यावर ती वापरताना अडचण होते: बारीक अक्षरांच्या खिडक्या बोटाने बंद कराव्या लागतात, ऑनस्क्रीन कीबोर्ड नेमका लिहायच्या जागेवर येतो, आणि खेळ मध्येच थांबवून यंत्र झोपवले तर ते पुन्हा उठेपर्यंत खेळ जागेवर असेलच याची खात्री वाटत नाही. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेक या कन्सोलवर हा अनुभव फार वेगळा आहे, पण तो कन्सोल भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. इंदूरच्या दुकानात आपल्याला सहज मिळतो तो ॲलाय किंवा त्याच्यासारखाच विंडोजवर चालणारा दुसरा एखादा कन्सोल. या लेखात ॲलायवर बझाइट नावाची लिनक्सवर आधारलेली मुक्तस्रोत (जिचा मूळ कोड सर्वांना खुला असतो अशी) ऑपरेटिंग सिस्टिम कशी बसवावी आणि पुढे ती कशी वापरावी हे सांगितले आहे. लेनोवो लीजन गो किंवा एमएसआय क्लॉ यांच्या बाबतीत बटणे आणि बायोसची (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ व्यवस्थेची) मांडणी बदलते, बाकी क्रम बहुतांशी हाच राहतो.

बझाइट म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेतले की पुढच्या पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. फेडोरा लिनक्सची ‘ॲटॉमिक’ नावाची एक शाखा आहे, जिच्यात मूळ सिस्टिमचा भाग वापरकर्त्याला बदलता येत नाही आणि अद्ययावतीकरण होते तेव्हा संपूर्ण सिस्टिमची नवी प्रतिमा (इमेज, म्हणजे तयार प्रत) एकदम येते. युनिव्हर्सल ब्लू या प्रकल्पातील स्वयंसेवकांनी त्या पायावर खेळांसाठी लागणारी सामग्री रचून बझाइट तयार केले आहे. कन्सोल सुरू होताच स्टीम डेकसारखा गेमिंग मोड दिसतो, आणि हवे तेव्हा केडीई प्लाझ्माचा पूर्ण डेस्कटॉप उघडता येतो. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीमओएसने मे २०२५ मधील ३.७ या आवृत्तीपासून ॲलायलाही आधार देण्यास सुरुवात केली आहे, त्यामुळे तोही पर्याय आज उपलब्ध आहे. तरीही निरनिराळ्या कंपन्यांच्या कन्सोलची बटणे, पंखे आणि दिवे यांची काळजी बझाइटने अधिक व्यापकपणे घेतली असल्यामुळे माझी पसंती बझाइटला आहे. एक गोष्ट मात्र स्पष्ट ठेवली पाहिजे. दोन्हींमधील सिस्टिम मुक्तस्रोत असली, तरी तिच्यावर चालणारा स्टीमचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानाचा, प्रोग्राम मुक्तस्रोत नाही, आणि आपण विकत घेतलेले बहुतेक खेळही नाहीत.

आधी खेळांची यादी पाहावी

बझाइट बसवावे की नाही, याचा निर्णय यंत्राकडे पाहून करण्यापेक्षा आपण प्रत्यक्ष जे खेळ खेळतो त्यांच्याकडे पाहून करावा. विंडोजसाठी लिहिलेले खेळ लिनक्सवर चालतात ते प्रोटॉन या साधनामुळे, जे व्हॉल्व्हने कोडवीव्हर्स या कंपनीबरोबर तयार करून ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचा गाभा म्हणजे वाइन हा १९९३ पासून चालत आलेला मुक्तस्रोत प्रकल्प. खेळाने विंडोजकडे केलेली मागणी वाइन लिनक्सला समजेल अशा रूपात पुढे पाठवते, आणि चित्रांसाठी खेळ जी डायरेक्ट-थ्रीडीची भाषा वापरतो तिचे लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या चित्रभाषेत रूपांतर डीएक्सव्हीके आणि व्हीकेडी३डी-प्रोटॉन हे प्रकल्प करतात. हे काम आज इतके पक्के झाले आहे, की एकट्याने खेळायच्या खेळांपैकी फार मोठा भाग काही न करता चालतो.

अडचण येते ती ऑनलाइन स्पर्धेच्या खेळांत. फसवणूक रोखण्यासाठी अशा खेळांबरोबर जो पहारेकरी प्रोग्राम येतो, तो कित्येकदा विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, शिरून काम करतो, आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये त्याला तशी जागा नाही. व्हॅलोरंट हा इंदूरच्या महाविद्यालयीन मुलांमध्ये आवडीने खेळला जाणारा खेळ व्हॅनगार्ड या पहारेकऱ्यावाचून सुरू होत नाही, म्हणून तो बझाइटवर चालत नाही. फोर्टनाइट चालत नाही. ईए एफसीच्या अलीकडच्या आवृत्त्या चालत नाहीत. एपेक्स लेजेंड्स पूर्वी चालत असे, पण ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी तिच्या कंपनीने लिनक्सवरचा प्रवेश बंद केला. जीटीए फाइव्हची एकट्याने खेळायची कथा व्यवस्थित चालते, तिचा ऑनलाइन भाग मात्र सप्टेंबर २०२४ पासून चालत नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन पहारेकऱ्यांना २०२१ पासून प्रोटॉनवर चालण्याची सोय झालेली आहे, पण ती सोय सुरू करणे त्या त्या खेळाच्या निर्मात्याच्या इच्छेवर असते. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांच्या मात्र थेट लिनक्ससाठी केलेल्या आवृत्त्या आहेत. प्रोटॉन-डीबी या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाविषयी वापरकर्त्यांचे अनुभव मिळतात. आपल्या यादीतील एकेक खेळ तेथे शोधून पाहावा. रोजचा खेळ व्हॅलोरंट असेल, तर हा लेख येथेच बाजूला ठेवून विंडोज राहू द्यावे हाच माझा प्रामाणिक सल्ला आहे.

पुसण्यापूर्वी करावयाची कामे

बसवण्याच्या कामाला तासभर पुरतो. त्याआधीच्या तयारीला मात्र एक मोकळी संध्याकाळ ठेवावी, कारण पुढे त्रास होतो तो बहुधा या तयारीत राहून गेलेल्या गोष्टींमुळे.

पहिले काम म्हणजे विंडोज असतानाच कन्सोलचे बायोस अद्ययावत करून घेणे. असूसच्या आर्मरी क्रेट किंवा मायअसूस या प्रोग्राममधून ते सहज होते. लिनक्स बसवल्यानंतरही बायोस अद्ययावत करता येते, कारण बायोसमध्येच ईझी फ्लॅश नावाचे साधन आहे आणि एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवरील फाइल ते वाचते. परंतु पहिल्याच वेळी हे काम विंडोजमधून उरकलेले बरे.

दुसरे काम जतन करण्याचे. स्टीमवरील बऱ्याच खेळांची प्रगती क्लाउडवर आपोआप जमा होते, पण सर्वच खेळांची होत नाही, आणि दुसऱ्या दुकानांतून घेतलेल्या खेळांची तर शहानिशा करावीच लागते. ज्या खेळात महिनोन्महिने घातले आहेत, त्याच्या सेव्ह फाइल्स कोठे आहेत हे शोधून त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. घरातील दुसऱ्या कोणी त्याच कन्सोलवर खेळत असेल, तर त्यालाही आधी विचारावे.

तिसरे काम कुलपाचे. विंडोज ११ मध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बहुधा आपोआप सुरू असते. पुढे बायोसमध्ये सिक्युअर बूटचे (केवळ ओळख पटलेली सिस्टिमच सुरू होऊ देणाऱ्या सोयीचे) मूल्य बदलले की विंडोज उठताना ४८ आकडी रिकव्हरी की मागते, आणि ती जवळ नसेल तर डिस्कवरील माहिती हाती लागत नाही. ही की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ती कागदावर उतरवून ठेवावी, किंवा सेटिंग्जमधील प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात जाऊन एन्क्रिप्शनच बंद करावे. संपूर्ण डिस्क पुसणार असलो तरी हे करावे, कारण बायोस बदलल्यानंतर आणि डिस्क पुसण्यापूर्वी काही कारणाने विंडोजमध्ये परत जावे लागू शकते.

चौथे, परत येण्याचा मार्ग माहीत करून घ्यावा. ॲलायच्या बायोसमध्ये असूस क्लाउड रिकव्हरी नावाचा पर्याय आहे, जो वाय-फायवरून कारखान्यातील मूळ विंडोज उतरवून घेतो आणि डिस्क पूर्वस्थितीत आणतो. विंडोजचा परवाना यंत्राच्या फर्मवेअरमध्येच कोरलेला असल्यामुळे त्यासाठी वेगळा क्रमांक जपून ठेवण्याची गरज नसते. कन्सोल वॉरंटीत असताना कधी सेवा केंद्रात द्यावा लागला, तर या मार्गाने विंडोज परत बसवूनच द्यावा. यंत्राची तपासणी करणाऱ्याला ओळखीची व्यवस्था समोर मिळते आणि निष्कारण वाद होत नाही.

विंडोज आणि बझाइट दोन्ही एकाच डिस्कवर ठेवण्याविषयी बरेच जण विचारतात. ते शक्य आहे, पण मी त्याची शिफारस करत नाही. ५१२ जीबीमध्ये दोन सिस्टिम आणि आजचे शंभर-शंभर जीबीचे खेळ यांची दाटी होते, आणि विंडोजच्या एखाद्या अद्ययावतीकरणानंतर बूटचा क्रम बदलून बसतो. ज्यांना मूळ विंडोज अखंड हवे आहे, त्यांनी दुसरी एसएसडी घेऊन त्यावर बझाइट बसवावे आणि मूळ एसएसडी विंडोजसकट डब्यात जपून ठेवावी. ॲलायमध्ये एम.टू २२३० या आखूड मापाचीच एसएसडी बसते. ॲलाय एक्समध्ये मात्र २२८० या नेहमीच्या मापाची चालते. मागचे झाकण उघडल्यावर इतर कशालाही हात लावण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवावी, आणि ज्याला या कामाचा सराव नाही त्याने ते माहितगार माणसाकडूनच करून घ्यावे.

लागणारे साहित्य

किमान १६ जीबीचा पेन ड्राइव्ह, यूएसबी-सी हब आणि तारेचा साधा कीबोर्ड एवढे पुरते. हब आवश्यक आहे, कारण बसवण्याच्या वेळी चार्जर, पेन ड्राइव्ह आणि कीबोर्ड तिन्ही एकाच वेळी जोडलेले असावे लागतात. चार्जरची वीज पुढे कन्सोलकडे पोहोचवणारा, म्हणजे ‘पॉवर डिलिव्हरी’ असा उल्लेख असलेला हब पाहून घ्यावा. ॲलायचा स्वतःचा चार्जर ६५ वॅटचा आहे, तेवढी वीज हबने पेलली पाहिजे. इंदूरमध्ये आरएनटी मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडच्या परिसरात हे सर्व मिळते. फार स्वस्त पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डे घेताना सावध असावे, कारण बाजारात खोटी क्षमता दाखवणारा माल कोठेही येऊ शकतो. वेष्टनावर २५६ जीबी लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात जागा त्याच्या अष्टमांशही नसते. त्यापुढे लिहिलेली माहिती कोणतीही सूचना न देता नाहीशी होते. बिल घ्यावे, आणि एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री या मोफत साधनाने संपूर्ण कार्ड एकदा भरून तपासल्याशिवाय त्यावर काहीही ठेवू नये.

बझाइटच्या संकेतस्थळावर आपले यंत्र कोणते, डेस्कटॉप कोणता हवा आणि गेमिंग मोड हवा का, असे प्रश्न विचारले जातात. ॲलाय, केडीई आणि होय, अशी उत्तरे द्यावीत. फाइल कित्येक जीबीची असल्यामुळे ती मोबाइलच्या डेटावर उतरवू नये. उतरल्यावर तिची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाइलमधील माहितीवरून काढलेली तपासणीची खूण, संकेतस्थळावरील बेरजेशी ताडून पाहावी. उतरताना फाइल जराही बिघडली असेल तर ती येथेच कळते, अन्यथा इन्स्टॉलर अर्ध्यावर थांबतो आणि दोष यंत्राचा वाटतो. नंतर फेडोरा मीडिया रायटर किंवा रुफस या साधनाने ती पेन ड्राइव्हवर उतरवावी. रुफसने पद्धत विचारली तर डीडी मोड निवडावा. व्हेंटॉय हे साधन अन्यत्र उपयुक्त असले, तरी बझाइटच्या इन्स्टॉलरसाठी ते वापरू नये असे त्याचे कर्ते स्वतःच सांगतात.

प्रत्यक्ष बसवणे

कन्सोल पूर्ण बंद करावा, केवळ झोपवलेला नसावा. हब, चार्जर, कीबोर्ड आणि पेन ड्राइव्ह जोडून आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरावे आणि पॉवरचे बटण दाबावे; बायोसचा पडदा येतो. तेथून ॲडव्हान्स्ड मोडमध्ये जाऊन सिक्युरिटी या भागात सिक्युअर बूट बंद करता येते. ते सुरू ठेवायचे असेल तरी चालते, पण मग इन्स्टॉलनंतरच्या पहिल्या सुरुवातीला निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांच्या आत एखादी कळ दाबावी लागते. त्यात ‘एनरोल मॉक’ निवडून पुढे परवलीचा शब्द विचारला की ‘युनिव्हर्सलब्लू’ हा शब्द रोमन लिपीत, सर्व लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता लिहावा. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, त्यामुळे बावरून जाऊ नये. ही संधी हुकली तर सिस्टिम सुरू होण्यास नकार देते, म्हणून पडद्यापुढून उठू नये.

सेव्ह अँड एक्झिट या भागात बूट ओव्हरराइडखाली पेन ड्राइव्हचे नाव दिसते. ते निवडले की इन्स्टॉलर सुरू होतो. ॲलायचा पडदा मुळातच आडवा असल्यामुळे येथे चित्र सरळ दिसते. लीजन गो आणि स्टीम डेक यांचे पडदे मुळात उभे असतात, त्यामुळे त्यांवर इन्स्टॉलर एका कुशीवर वळलेला दिसू शकतो. तो बिघाड नव्हे. भाषा, कीबोर्ड, आशिया-कोलकाता हा कालविभाग आणि वापरकर्त्याचे नाव यांत फारसे काही विशेष नाही. परवलीचा शब्द मात्र लक्षात राहील असा आणि साध्या रोमन अक्षरांचा ठेवावा, कारण तो पुढे डेस्कटॉपवर वारंवार लागतो.

डिस्क निवडण्याच्या पायरीवर थांबून दोनदा वाचावे. तेथे ५१२ जीबीची आतील एसएसडी आणि पेन ड्राइव्ह अशी दोन नावे दिसतात, आणि कार्ड आत असेल तर तिसरे. गोंधळ नको म्हणून मेमरी कार्ड आधीच बाहेर काढून ठेवणे चांगले. आतील डिस्क निवडून सर्व जुनी विभागणी पुसण्याचा पर्याय घ्यावा आणि नवी विभागणी इन्स्टॉलरवर सोपवावी. तो बीटीआरएफएस ही फाइल व्यवस्था वापरतो. डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्यायही तेथे असतो. लॅपटॉपवर तो मी आवर्जून सुचवतो, पण कन्सोलवर प्रत्येक सुरुवातीला परवलीचा शब्द टाइप करण्यासाठी बाहेरचा कीबोर्ड जोडावा लागेल, हे लक्षात घेऊन निर्णय करावा.

काम संपल्यावर पेन ड्राइव्ह काढून कन्सोल पुन्हा सुरू करावा. पहिली सुरुवात सावकाश होते, स्टीम स्वतःला अद्ययावत करून घेते, आणि नंतर वाय-फाय व खात्याची माहिती विचारली जाते. गेमिंग मोडच्या पॉवर मेन्यूतून डेस्कटॉपवर जाता येते आणि डेस्कटॉपवरील चिन्हावरून परत गेमिंग मोडमध्ये येता येते.

वीज, उष्णता आणि माळव्याचा उन्हाळा

या भागाकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. बॅटरी ४० वॅट-तासांची आहे, म्हणजे संपूर्ण यंत्र मिळून २० वॅट घेत असेल तर ती दोन तास चालेल, आणि ३५ वॅट घेत असेल तर तास-सव्वा तासात संपेल. प्रोसेसरला किती वीज द्यायची, याची मर्यादा टीडीपी या नावाने ओळखली जाते, आणि बझाइटमध्ये ती गेमिंग मोडमधूनच ठरवता येते. नवा वापरकर्ता मर्यादा २५ वॅटवर नेऊन ठेवतो आणि बॅटरी टिकत नाही अशी तक्रार करतो. वस्तुस्थिती अशी आहे, की वीज वाढवत नेली तसा मिळणारा लाभ कमी होत जातो: १० वरून १५ वॅटवर गेल्याने खेळाच्या गतीत जो फरक पडतो, तेवढा २० वरून २५ वॅटवर गेल्याने पडत नाही, आणि उष्णता मात्र तेवढीच वाढते.

म्हणून प्रत्येक खेळासाठी पुढील रीतीने मर्यादा शोधावी. आधी १५ वॅटवर सुरुवात करावी. फ्रेमची (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) मर्यादा ४० किंवा ४५ ठेवावी, खेळाचे रिझोल्यूशन ७२० ओळींवर आणावे आणि एफएसआर या पद्धतीने चित्र पूर्ण पडद्याइतके मोठे करू द्यावे. सात इंचांच्या पडद्यावर डोळ्यांना फरक फारच थोडा जाणवतो. खेळ अडखळत नसेल तर एकेक वॅट उतरवत जावे आणि अडखळू लागला की एक पायरी वर यावे. गेमिंग मोडमधील परफॉर्मन्स ओव्हरले चालू ठेवला की वीज, तापमान आणि फ्रेम हे तिन्ही आकडे कोपऱ्यात दिसत राहतात. जुने किंवा द्विमितीय खेळ दहा वॅटच्या आतही उत्तम चालतात.

इंदूरमध्ये मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. खोलीतील हवाच एवढी तापलेली असताना कोणताही पंखा प्रोसेसरला त्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. दुपारी खेळायचे असेल तर मर्यादा १२ वॅटच्या आसपास ठेवावी, कन्सोल उशीवर किंवा गादीवर ठेवू नये, आणि मागच्या जाळ्या बोटांनी झाकल्या जाणार नाहीत अशा रीतीने तो धरावा. उन्हाळ्यातील धूळ पंख्यात साठते, त्यामुळे काही महिन्यांनी मऊ ब्रशने जाळ्या साफ कराव्यात. बॅटरीला उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था या दोन्ही गोष्टी एकत्र सोसवत नाहीत. घरी बहुतेक वेळ चार्जर जोडूनच खेळत असाल, तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी. डेस्कटॉपच्या वीजविषयक सेटिंग्जमध्ये ती सोय आहे.

खेळ आणि कार्डे

स्टीमवरील खेळ नेहमीप्रमाणे उतरवावेत. एखादा सुरू होत नसेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडून पाहावी. बहुतेक अडचणी तेवढ्याने सुटतात. एपिक आणि जीओजी या दुकानांतील खेळांसाठी हिरोइक गेम्स लाँचर हा मुक्तस्रोत प्रोग्राम आहे. याशिवाय फ्लॅटहब या लिनक्सच्या प्रोग्रामांच्या ऑनलाइन भांडारावर पूर्णपणे मुक्तस्रोत असलेले खेळही भरपूर आहेत, आणि उन्हाळ्याच्या सुटीत घरी आलेल्या मुलांसाठी मी तेच आधी सुचवेन: गाड्यांच्या शर्यतीचा सुपरटक्सकार्ट, रेल्वे आणि रस्ते उभारण्याचा ओपनटीटीडी, प्राचीन साम्राज्यांचा झिरो एडी, आणि २००३ पासून विकसित होत असलेला बॅटल फॉर वेसनॉथ. यांना पैसे पडत नाहीत, आणि मध्येच जाहिरातही येत नाही. जुन्या कन्सोलच्या खेळांसाठी रेट्रोआर्कही चालतो, पण खेळांच्या प्रती स्वतःजवळ कायदेशीर असलेल्याच वापराव्यात.

मेमरी कार्ड गेमिंग मोडमधूनच फॉरमॅट करावे. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीचे जुने कार्ड तसेच वापरण्याचा मोह होतो, कारण त्यावर खेळ आधीच असतात. परंतु प्रोटॉनला लागणाऱ्या काही फाइलनावांना आणि अधिकारांना ती पद्धत सामावून घेत नाही, आणि खेळ काही दिवस चालून अचानक बंद पडतात. व्हॉल्व्हही या पद्धतीची शिफारस करत नाही.

अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला जाताना खेळायचे असेल, तर निघण्यापूर्वी घरच्या वाय-फायवर तो खेळ एकदा प्रत्यक्ष सुरू करून पाहावा आणि मगच स्टीम ऑफलाइन मोडमध्ये टाकावे. पहिल्या सुरुवातीला प्रोटॉन काही पूरक भाग उतरवून घेते, आणि ते झालेले नसेल तर गाडीत खेळ उघडत नाही.

अद्ययावतीकरण आणि मागे फिरणे

बझाइटची नवी प्रतिमा पार्श्वभूमीत उतरते आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर लागू होते. जुनी प्रतिमा पुसली जात नाही. नव्या प्रतिमेत आवाज किंवा बटणे बिघडली, तर सुरुवातीच्या बूट मेन्यूत कीबोर्डने मागची नोंद निवडावी. सिस्टिम कालपर्यंत जशी होती तशी उठते, आणि आपले खेळ व फाइल्स वेगळ्या विभागात असल्यामुळे त्यांना धक्का लागत नाही. त्याहूनही मागे जायचे असेल, तर प्रकल्पाने दिलेल्या रोलबॅक हेल्परमधून सुमारे ९० दिवसांपर्यंतच्या जुन्या प्रतिमा मिळू शकतात. नीट चालणारी एखादी प्रतिमा ‘पिन’ करून ठेवता येते, म्हणजे पुढच्या अद्ययावतीकरणांत ती गळून जात नाही. घरात लहान मुले कन्सोल वापरत असतील तर ही सोय आवर्जून करून ठेवावी.

याच रचनेमुळे एक पथ्य पाळावे लागते. इतर लिनक्सवर जसे पॅकेज थेट सिस्टिममध्ये घालतात, तसे येथे करू नये. प्रोग्राम फ्लॅटहबवरून फ्लॅटपॅक रूपात (सिस्टिमला न बदलता बसणाऱ्या गठ्ठ्याच्या रूपात) घ्यावेत, आणि त्यातूनही न मिळणारी साधने डिस्ट्रोबॉक्स या बंदिस्त जागेत चालवावीत. सिस्टिमवर थर चढवत गेल्यास प्रत्येक अद्ययावतीकरण सावकाश होते आणि कधी ते अडूनही बसते.

मराठीचा वापर

डेस्कटॉप मोडमध्ये हब लावून पडदा आणि कीबोर्ड जोडला की हाच कन्सोल लेखनासाठीही चालतो. सिस्टिम सेटिंग्जमधील कीबोर्डच्या भागात मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा आणि उच्चारानुसारी कागप आराखडा, दोन्ही उपलब्ध आहेत. देवनागरी अक्षरे दाखवण्यासाठी वेगळा फाँट घालण्याची गरज पडत नाही. लिब्रेऑफिस फ्लॅटहबवरून घेतले, तर शाळेतील निबंधापासून गणेशोत्सवाच्या पत्रकापर्यंत सर्व काही त्यावर लिहिता येते. केडीईचे मराठी भाषांतर काही ठिकाणी अपुरे आहे, तेथे इंग्रजी शब्द दिसतात. ही भाषांतरे स्वयंसेवकच करतात, आणि इंदूरच्या राजेंद्रनगर किंवा लोकमान्यनगरातील ज्या घरांत मराठी अजून चांगली लिहिली जाते, त्या घरांतील तरुणांनी त्यात हातभार लावावा असे मला मनापासून वाटते.

काही बिघाड आढळला तर प्रकल्पाकडे तो कळवताना यंत्राचे नेमके नाव, बायोसची आवृत्ती, बझाइटची प्रतिमा कोणत्या तारखेची आहे, आणि मागच्या प्रतिमेवर तोच बिघाड येतो की नाही, एवढी माहिती अवश्य द्यावी. शेवटचा मुद्दा सर्वांत उपयोगी ठरतो, कारण दोन प्रतिमांमध्ये नेमके काय बदलले याची नोंद उघड असते आणि दुरुस्त करणाऱ्याला शोध तेथूनच सुरू करता येतो.